शेरीफ, पाटील आणि कोतवाल : गावचा राखणदार कोणाचा?

दरवर्षी बी. ए.च्या पहिल्या वर्गात स्थानिक शासनाचा भाग शिकवायला घेतला, की मी मुलांना एक साधा प्रश्न विचारतो. तुमच्या गावात चोरी झाली, मारामारी झाली किंवा विहिरीत प्रेत सापडले, तर सरकारच्या वतीने सर्वांत आधी कोण येऊन उभा राहतो? खेड्यांतून आलेली मुले लगेच सांगतात, "पोलीस पाटील." मग मी विचारतो, "त्याला निवडतो कोण?" येथे मात्र वर्गात चुळबुळ सुरू होते. कोणी म्हणतो ग्रामपंचायत निवडते. कोणी म्हणतो गावसभेत हात वर करून ठरते. मागच्या बाकावरून हमखास एक आवाज येतो, "सर, ते त्यांच्या घराण्यातच आहे."

ही तिन्ही उत्तरे आजच्या कायद्याच्या दृष्टीने चुकीची आहेत. पोलीस पाटलाची नेमणूक सरकारी अधिकारी करतो. गावाने त्यासाठी मत द्यावयाचे नसते आणि घराण्याचा हक्कही राहिलेला नाही. परंतु मुले अगदीच चुकतात असे मला वाटत नाही. घराण्याचा हक्क आपल्याकडे काही शतके चालत होता. आणि गावाने मत देऊन आपला कायदेरक्षक निवडावा, ही गोष्ट जगात दुसरीकडे आजही चालू आहे. हे सर्व मार्ग एकमेकांशेजारी ठेवून पाहावेत, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

या विचाराला निमित्त झाले ते कुक्षीचे. मध्य प्रदेशातील धार जिल्ह्यातले कुक्षी हे माझे आजोळ. विंध्याचा घाट उतरून नर्मदेच्या दिशेने निमाडात आले, की हे तालुक्याचे गाव लागते. बाघची प्राचीन लेणी येथून जवळच आहेत. पूर्वी हा धारच्या पवारांच्या संस्थानातील परगणा होता. बाजारात निमाडी आणि हिंदी, आसपासच्या फळ्या-पाड्यांवर भिली, आणि जुन्या नोकरदार घरांतून मराठी, असा तेथला भाषेचा मेळ. गेल्या उन्हाळ्यात तेथे गेलो असता तहसील कचेरीच्या आवारात लिंबाच्या झाडाखाली एक म्हातारे गृहस्थ भेटले. ते जवळच्या एका गावचे निवृत्त कोतवाल होते. त्यांच्याशी झालेल्या बोलण्याकडे मी लेखाच्या शेवटी येणार आहे. ते नीट कळण्यासाठी आधी थोडा दूरचा फेरा घ्यावा लागेल.

शेरीफ : राजाचा माणूस, मग लोकांचा माणूस

'शेरीफ' हा शब्द आपल्याला अमेरिकन चित्रपटांमुळे माहीत असतो. छातीवर तारा, कमरेला पिस्तूल, घोड्यावरून धुळीतून येणारा माणूस. मूळ शब्द मात्र इंग्लंडचा आणि बराच जुना आहे. 'शायर' म्हणजे प्रांत अथवा परगणा आणि 'रीव्ह' म्हणजे कारभारी. परगण्याचा कारभारी तो शायर-रीव्ह, त्याचाच पुढे शेरीफ झाला. राजाचा सारा वसूल करणे, गुन्हेगार पकडणे, न्यायालयाचे हुकूम बजावणे ही सर्व कामे त्याच्याकडे असत. वसुली आणि दंडा एकाच हातात आले, की काय होते हे सांगावयास नको. इ.स. ११७० मध्ये दुसऱ्या हेन्री राजाने शेरीफांच्या कारभाराची देशभर चौकशी करविली आणि बहुतेकांना पदावरून दूर केले. पुढे १३०० मध्ये परगण्यातील लोकांनी इच्छा असल्यास आपला शेरीफ स्वतः निवडावा अशी सवलत देण्यात आली, परंतु ती थोडीच वर्षे टिकली. इंग्लंडमध्ये शेरीफ अखेर राजाचाच माणूस राहिला.

इंग्रज वसाहतवाल्यांनी हे पद अमेरिकेत नेले. तेथे काउंटी म्हणजे आपल्या जुन्या परगण्यासारखा प्रदेश. स्वातंत्र्यानंतर राजा उरला नाही. तेव्हा शेरीफ कोणाचा, हा प्रश्न आला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बहुतेक राज्यांनी त्याचे उत्तर दिले ते असे : काउंटीतील मतदारांनी त्याला ठराविक मुदतीसाठी निवडावे. आज तेथे सुमारे तीन हजार शेरीफ आहेत आणि काही थोडी राज्ये वगळता ते लोकनियुक्त आहेत. ग्रामीण काउंटीत तुरुंग, समन्स, जप्ती, गस्त हे सर्व त्याच्याकडे असते.

लोकांनी निवडलेला म्हणजे लोकांचा, असे आपण सहज धरून चालतो. अमेरिकेच्या ग्रामीण भागातील दोन काउंट्यांचा इतिहास पाहिला, तर हे गृहीत किती तपासून घ्यावे लागते ते कळते.

पहिली टेनेसी राज्यातील मॅकमिन काउंटी. तेथे शेरीफ आणि त्याचे हाताखालचे लोक यांना केलेल्या अटकांवर फी मिळत असे. जितक्या अटका, तितकी प्राप्ती. साहजिकच रस्त्याने जाणाऱ्या बसमधील उतारूंनाही दारूच्या आरोपाखाली उतरवून दंड वसूल करण्याचे प्रकार होऊ लागले. निवडणुका होत होत्या, पण मतपेट्या मोजणारेही शेरीफचेच लोक. दुसऱ्या महायुद्धातून घरी परतलेल्या तरुण सैनिकांनी १९४६ साली स्वतःचे उमेदवार उभे केले. १ ऑगस्टला मतदान झाले आणि मतपेट्या मोजणीसाठी तुरुंगाच्या इमारतीत नेण्यात आल्या. तेव्हा त्या माजी सैनिकांनी शस्त्रे मिळवून अथेन्स या गावातील त्या तुरुंगालाच वेढा दिला, रात्रभर गोळीबार केला आणि शेवटी सुरुंग लावून आतल्यांना शरण यावयास लावले. मोजणीत त्यांचा उमेदवार नॉक्स हेन्री निवडून आल्याचे दिसले. यानंतर तेथील फीची पद्धत मोडून ठराविक पगाराची पद्धत आली. माझ्या मते या प्रकरणातील गोळीबारापेक्षा ही शेवटची गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. माणूस बदलला, पण त्याची भाकरी कोठून येते हेही बदलले.

दुसरी अलाबामा राज्यातील लाउंड्स काउंटी. येथे लोकसंख्येत कृष्णवर्णीयांचे प्रमाण फार मोठे, सुमारे पाचांत चार. तरीसुद्धा १९६५ च्या आरंभी मतदार यादीत एकही कृष्णवर्णीय नाव नव्हते. शेरीफ तेथेही 'लोकनियुक्त' होता. फक्त ते लोक कोण, हे यादीने ठरविले होते. त्याच वर्षी मतदान हक्काचा कायदा झाला. लोकांनी स्वतःची संघटना काढली. १९६६ च्या निवडणुकीत तिचे सर्व उमेदवार हरले. यादीत नाव घातले म्हणून जमीनदारांनी अनेक कुटुंबांना घराबाहेर काढले आणि ती कुटुंबे तंबूंत राहिली. पण १९७० साली त्यांच्यातलाच एक कार्यकर्ता, जॉन हुलेट, त्या काउंटीचा शेरीफ म्हणून निवडून आला आणि पुढे बावीस वर्षे त्या पदावर राहिला. ज्या कचेरीकडे पाहून लोक रस्ता बदलत, त्या कचेरीत आता त्यांचा माणूस बसला.

या दोन उदाहरणांतून मी विद्यार्थ्यांपुढे नेहमी तीन प्रश्न ठेवतो. कोणत्याही गावराखणदाराचे पद तपासावयाचे झाल्यास विचारावे : एक, त्याला नेमतो कोण? दोन, त्याची भाकरी कोठून येते? तीन, तो चुकला तर त्याला काढतो कोण? आता हेच तीन प्रश्न घेऊन आपण आपल्या घराकडे वळू.

मुंबईचा शेरीफ : नाव तेच, काम निराळे

वाटेत मुंबईला थोडे थांबले पाहिजे, कारण तेथेही शेरीफ आहे. इंग्रजी न्यायालयांबरोबर आलेले हे पद न्यायालयाचे हुकूम बजावण्यासाठी होते. मराठीत त्याला 'नगरपाल' म्हणतात. त्याची निवडणूक कधीच झाली नाही. सरकार एका वर्षासाठी प्रतिष्ठित नागरिकाची नेमणूक करीत आले. डॉ. भाऊ दाजी लाड १८६९ आणि १८७१ असे दोन वेळा मुंबईचे शेरीफ होते. अलीकडच्या काळात अभिनेते दिलीपकुमार आणि क्रिकेटपटू सुनील गावसकर यांनाही हा मान मिळाला. एकच नाव अमेरिकेच्या खेड्यात बंदूक घेऊन फिरते आणि मुंबईत समारंभाला उपस्थित राहते. म्हणून पदाच्या नावावरून काही ठरवू नये, हा धडा येथे मिळतो. आपल्या खेड्यातला खरा शेरीफ शोधावयाचा तर तो चावडीवर शोधावा लागेल.

पाटील : वतनाचा दंडा

गावचा सारा जमा करणे, लागवड वाढविणे, तंट्यात पुढे होणे, चोराचा माग काढणे आणि गावाच्या वतीने सरकारपुढे उभे राहणे ही पाटलाची कामे. शायर-रीव्हच्या कामांशी ही यादी पडताळून पाहिली तर साम्य लगेच ध्यानात येईल. येथेही वसुली आणि दंडा एकाच हाती होते. फरक होता तो पहिल्या प्रश्नाच्या उत्तरात. पाटलाला राजाने नेमले नव्हते आणि गावाने निवडले नव्हते. पाटीलकी हे वतन होते. ते बापाकडून मुलाकडे जाई, भाऊबंदांत वाटले जाई, प्रसंगी विकलेही जाई. भाकरी इनाम जमिनीची आणि मानपानाच्या हक्कांची. गावगाड्याचे हे सारे चित्र त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली 'गांव-गाडा' या ग्रंथात बारकाईने मांडले आहे.

मग तिसरा प्रश्न : अशा पाटलाला काढणार कोण? इ.स. १६४६ मधील रांझे गावच्या पाटलाचे उदाहरण आपल्याला शाळेपासून माहीत आहे. बदअंमल केल्याबद्दल शिवाजी महाराजांनी त्याचे हातपाय तोडविले. न्यायाची ही कडक गोष्ट सांगताना आपण पुढची ओळ बहुधा सांगत नाही. ती पाटीलकी त्याच गुजर कुळातल्या दुसऱ्या माणसाकडे गेली. राजा पाटलाला शिक्षा करू शकत होता, पण वतन कुळाबाहेर काढणे हे त्या काळच्या समाजरचनेत सोपे नव्हते. शिवाय प्रत्येक गावाला असा राजा वेळेवर भेटतो असेही नाही.

इंग्रजांनी ही रचना मोडली नाही, तिला कायद्याची चौकट घातली. १८६७ च्या मुंबई ग्राम पोलीस कायद्याने पोलीस पाटलाला जिल्हा दंडाधिकाऱ्याच्या हाताखाली आणले. किरकोळ मारहाण व शिवीगाळ यांसाठी माणसाला चोवीस तासांपर्यंत अडकवून ठेवण्याचा अधिकारही त्याला दिला. १८७४ च्या वतन कायद्याने वंशपरंपरागत हक्काची नोंद, वारसा आणि पाळी यांचे नियम घातले. म्हणजे वरून हुकूम सरकारचा, आतून हक्क घराण्याचा. हे दोन्ही कायदे त्या वेळी मुंबई इलाख्यात असलेल्या बेळगाव, धारवाड, विजापूर या जिल्ह्यांनाही लागू होते. आपल्या कन्नड विभागातील मित्रांच्या घरी ज्याला 'गौड' म्हणतात तो, आणि मराठी घरातला पाटील, हे एकाच कायद्याच्या सावलीत वाढले.

या रचनेच्या तळाशी जो माणूस होता त्याच्याविषयी बोलल्याशिवाय हा इतिहास पुरा होत नाही. वेशीवर रात्रभर जागणारा, सरकारी टपाल पुढच्या गावाला पोचविणारा, प्रेताची राखण करणारा तो महार वतनदार. कर्नाटकाकडे तळवार, वालीकार. राखणीचे खरे काम त्याच्याकडे होते, मान मात्र पाटलाकडे. त्याची भाकरी म्हणजे तुटपुंजी इनाम जमीन आणि दारोदार मागून आणावयाचा बलुत्याचा वाटा. वेळी-अवेळी बोलावणे आले तर नाही म्हणण्याची सोय नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १९१८ मध्ये कोल्हापूर संस्थानात महार वतने रद्द केली आणि त्या जमिनी रयताव्याच्या केल्या. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदे मंडळात वतन कायद्यात दुरुस्ती करण्याचे विधेयक मांडले. त्यांचे म्हणणे आपल्या तीन प्रश्नांपैकी दुसऱ्याशीच निगडित होते : सरकारचे काम करणाऱ्या माणसाची भाकरी गावाच्या मर्जीवर आणि अपमानावर अवलंबून का असावी? मुंबई राज्यातील कनिष्ठ ग्राम वतने नष्ट करणारा कायदा व्हावयास मात्र १९५८ साल उजाडावे लागले.

वरच्या वतनांचाही शेवट पाठोपाठ झाला. महाराष्ट्रात मुलकी पाटलांचे पद १९६२ च्या कायद्याने रद्द झाले. कर्नाटकात, त्या वेळच्या म्हैसूर राज्यात, वंशपरंपरागत ग्रामाधिकारपदे रद्द करणारा १९६१ चा कायदा १ फेब्रुवारी १९६३ पासून अंमलात आला. महाराष्ट्राने १९६७ मध्ये नवा ग्राम पोलीस कायदा करून पोलीस पाटलाचे पद ठेवले. पण ते वतन राहिले नाही. मुदतीची नेमणूक आणि मानधन, असे त्याचे रूप झाले. घराण्याचा हक्क गेला, हे फार मोठे काम झाले यात शंका नाही. परंतु हक्क घराण्याकडून निघाला तो गावाकडे आला नाही, कचेरीकडे गेला. गावाला मत मिळाले ते सरपंचासाठी.

पुन्हा कुक्षीकडे

माळव्या-निमाडातील गावांची घडीही ढोबळमानाने अशीच होती. पटेल, पटवारी आणि गावाच्या सीमेची खडान्खडा माहिती असलेला बलाई. सर जॉन माल्कम याने १८२३ साली प्रसिद्ध झालेल्या मध्य हिंदुस्थानावरील आपल्या ग्रंथात या ग्रामाधिकाऱ्यांचे वर्णन केले आहे. पवारांच्या धार संस्थानाने १० जानेवारी १८१९ रोजी इंग्रजांशी तह केला. १८५७ च्या उठावानंतर संस्थान जप्त झाले आणि १८६० मध्ये बैरसिया परगणा वगळून परत मिळाले. या सर्व उलथापालथीत दरबार बदलले, पण गावातला पटेल टिकून राहिला.

डोंगराकडच्या भागात मात्र आणखी एक रीत होती. तेथे भिलाला 'भूमिया' म्हणजे छोटे डोंगरी ठाकूर असत आणि आपल्या हद्दीतल्या वाटेवर चोरी-लूट झाली तर त्यांनी जबाब द्यावा असा करार असे. धारजवळचा निमखेड्याचा भूमिया हे त्याचे उदाहरण. राखणीची जबाबदारी अशी मक्त्याने दिलेली. आणि भिल्ल वस्त्यांत, संस्थानच्या कागदांपलीकडे, तडवी किंवा पटेल, पुजारा, कोतवाल अशी त्यांची स्वतःची माणसे होती. तंटा झाला की दोन्हीकडची मंडळी बसून नुकसान ठरवीत आणि भांडण 'तोडीत'. या बैठकीला तिकडे 'भांजगडा' म्हणतात. त्यातही मध्यस्थाचे पोट भरण्याचा दोष शिरला, हेही सांगितले पाहिजे. रीत जुनी आहे म्हणून ती निर्दोष ठरत नाही.

१९४८ मध्ये धार संस्थान मध्य भारतात विलीन झाले आणि १९५६ मध्ये मध्य भारत नव्या मध्य प्रदेशात. १९५९ च्या मध्य प्रदेश जमीन महसूल संहितेने गावासाठी पटेल आणि कोतवाल अशी पदे ठेवली. पटेलाची नेमणूक जिल्हाधिकाऱ्याने करावयाची. कोतवालाविषयी मात्र एक लहानसे कलम आहे ते मला फार बोलके वाटते. पूर्वीच्या मध्य भारताच्या प्रदेशात कोतवालांची कामे पोलीस चौकीदार करतील, त्यांना कोतवालच समजण्यात येईल आणि ते महसूल अधिकाऱ्यांच्या ताब्यात राहतील, असे त्यात म्हटले होते. कायद्याच्या एका ओळीने एका माणसाचे नाव आणि मालक असे दोन्ही बदलले. गावाला विचारण्याचा प्रश्न त्यात नव्हता, आणि बहुधा त्या चौकीदाराला विचारण्याचाही नव्हता.

तहसील कचेरीबाहेर भेटलेले म्हातारे गृहस्थ अशाच एका चौकीदाराचे चिरंजीव. वडिलांनंतर ते स्वतः कोतवाल झाले. त्यांनी आपली कामे बोटांवर मोजून दाखविली. साहेबांचा दौरा असला की दवंडी द्यायची. जन्ममृत्यूची खबर द्यायची. अनोळखी माणूस वस्तीला आला तर ठाण्याला कळवायचे. झाडाला किंवा विहिरीत प्रेत सापडले तर पोलीस येईपर्यंत, मग ते दुसऱ्या दिवशी का येईनात, शेजारी बसून राहायचे. मी त्यांना माझे तीन प्रश्न विचारले. नेमले कोणी? तहसीलने. पैसा कोठून? तहसीलकडून, उशिरा. काढणार कोण? तहसीलच. मग मी विचारले, "गावचे काय?" ते हसले. म्हणाले, रात्री दार वाजवायला गावच येते.

पुढे त्यांनी एक प्रसंग सांगितला. एका पाड्यावर दोन भावकींत मारामारी झाली. एका मुलाला पोलीस घेऊन गेले. त्याच्या आईला हिंदी धड येत नव्हते आणि ठाण्यात तिची भिली कोणाला कळत नव्हती. ती कोतवालाकडे आली. त्यांना तिच्याबरोबर जावेसे वाटत होते. पण ज्या ठाण्याला रोज खबर द्यायची, तेथे आरोपीच्या बाजूने उभे कसे राहणार? ते गेले नाहीत. तिच्याबरोबर गेला तो पैसे घेणारा एक मध्यस्थ. मुलगा काही दिवसांनी सुटून आला, पण त्या घराची बैलजोडी विकली गेली होती. म्हातारेबुवा म्हणाले की ती बाई नंतर त्यांच्या दारी पुन्हा कधी आली नाही. ही गोष्ट सांगताना त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही.

या माणसाला दोष देणे सोपे आहे. परंतु तीन प्रश्नांची उत्तरे पुन्हा वाचून पाहावीत. नेमणूक, भाकरी आणि बडतर्फी, तिन्ही दोऱ्या एकाच हातात होत्या; त्या हाताविरुद्ध उभे राहण्याइतका दोर गावाने त्याच्या कमरेला कधी बांधलाच नव्हता. गंमत अशी की कुक्षीचे मतदार मतदानाला नवखे नाहीत. हा विधानसभा मतदारसंघ अनुसूचित जमातींसाठी राखीव आहे. येथून निवडून गेलेल्या जमुनादेवी मध्य प्रदेशच्या उपमुख्यमंत्री आणि पुढे विरोधी पक्षनेत्या झाल्या. राज्याच्या उपमुख्यमंत्र्याला निवडणाऱ्या गावाला आपला कोतवाल कोण असावा याविषयी मात्र चकार शब्द काढता येत नव्हता.

मग निवडणूक घ्यावी काय?

वर्गात एवढे सांगितल्यावर विद्यार्थी एकमुखाने म्हणतात, पोलीस पाटील आणि कोतवाल लोकांनी निवडावेत. माझे एक सहकारी प्राध्यापक याला नेहमी विरोध करतात. सरपंचपदाच्या निवडणुकीने गावात दोन तट पडतात, त्यात चोर पकडणाऱ्याचीही भर घातली तर अर्ध्या गावाला फिर्याद देण्याचीच सोय उरणार नाही, असे ते म्हणतात. त्यांचे म्हणणे मला उडवून लावता येत नाही. सरपंच थेट लोकांनी निवडावा की सदस्यांनी, यावरही महाराष्ट्राने २०१७ मध्ये एक, २०२० मध्ये दुसरा आणि २०२२ मध्ये पुन्हा पहिला, असे निर्णय घेतले. मॅकमिन काउंटीत मतपेटी होती, तरी लूट चाललीच. लाउंड्समध्ये मतपेटी होती, तरी पाचांतील चार माणसे यादीबाहेर होती. जेथे एक जात किंवा एक भावकी बहुमतात आहे त्या गावात निवडून आलेला राखणदार वेशीबाहेरच्या चार घरांचा राखणदार होईल, याची हमी केवळ मतमोजणीने मिळत नाही.

माझे मत असे झाले आहे की तिन्ही दोऱ्या एका हातात नसाव्यात. नेमणूक सरकारने परीक्षा घेऊन करावी. त्यामुळे घराणे आणि तट यांना आळा बसतो. भाकरी ठराविक आणि वेळेवर मिळणाऱ्या वेतनाची असावी. म्हणजे मॅकमिनची फी नको, महार वतनाचे बलुते नको आणि महिनोन्महिने थकलेले मानधनही नको. परंतु तिसरी दोरी, म्हणजे हिशेब मागण्याची आणि दूर करण्याची शिफारस करण्याची, ती गावसभेच्या हाती द्यावी. वर्षातून एकदा राखणदाराने सर्व गावासमोर, बायामाणसांसमोर, उभे राहून सांगावे : या वर्षी किती जण ठाण्यात नेले गेले, कशासाठी, कोण सोबत गेले.

हे अगदीच मनोराज्य आहे असे नाही. अनुसूचित क्षेत्रांतील पंचायतींसाठी संसदेने १९९६ मध्ये 'पेसा' कायदा केला आणि तंटे आपल्या रूढीप्रमाणे मिटविण्याची ग्रामसभेची पात्रता मान्य केली. कुक्षी तालुका या क्षेत्रात येतो. कायद्याचे नियम करावयास मध्य प्रदेशाला सव्वीस वर्षे लागली. ते १५ नोव्हेंबर २०२२ रोजी लागू झाले. त्यांत ग्रामसभेने शांतता व विवाद निवारण समिती नेमण्याची तरतूद आहे, आणि गावातील व्यक्तीविरुद्ध गुन्हा नोंदला गेल्यास ठाण्याने त्याची खबर द्यावी असेही म्हटले आहे. इतकी वर्षे खबर गावातून ठाण्याकडे जात होती. आता ठाण्याकडून गावाकडे खबर येण्याची वाट कागदावर तरी उघडली आहे. ती पायवाट मळते की गवताखाली जाते, हे तेथील ग्रामसभा किती जागी राहते यावर ठरेल. त्या समितीवर पुन्हा जुना पैसेखाऊ मध्यस्थच जाऊन बसला, तर त्या आईच्या गोष्टीत काही फरक पडणार नाही.

समारोप

शेरीफ हा राजाचा माणूस होता, तो मतदारांचा झाला. पाटील हा घराण्याचा माणूस होता, तो कचेरीचा झाला. कोतवाल हा ज्याच्या त्याच्या हुकुमाचा होता आणि बराचसा तसाच राहिला. लोकशाही दिल्लीत आणि भोपाळ-मुंबई-बंगळुरात आली, पण रात्री दार वाजले की जो माणूस कंदील घेऊन उठतो त्याच्यापर्यंत ती पुरती पोचलेली नाही, असा या अभ्यासाचा निष्कर्ष मी काढतो. तो चुकीचा वाटल्यास विद्यार्थ्यांनी अवश्य खोडून काढावा.

त्यासाठी एक काम सुचवितो. दिवाळीच्या सुटीत घरी जाल तेव्हा आपल्या गावच्या पोलीस पाटलाला, कोतवालाला, तळवाराच्या घरातील जुन्या माणसाला भेटा. मराठी विभागातील मुलांनी कन्नड गावात आणि कन्नड विभागातील मुलांनी मराठी गावात गेल्यास अधिक चांगले. एकाच कायद्याचे दोन भाषांत काय झाले ते कळेल. वर दिलेले तीन प्रश्न विचारा आणि मिळालेली उत्तरे वहीत तारखेसह उतरवून ठेवा. नंतर चौथा प्रश्न विचारा. ठाण्यात नेलेल्या मुलाची आई तुमच्या दारी आली, तर तुम्ही तिच्याबरोबर जाल का? या प्रश्नाचे उत्तर देताना समोरचा माणूस तुमच्याकडे पाहतो की खाली पाहतो, तेही लिहून ठेवा.